दागिना घेताना आधी बिल वाचा

लग्नसराई जवळ आली की बंगळुरूच्या चिकपेठ, अव्हेन्यू रोड आणि नगरथपेठ या भागात पाय ठेवायला जागा राहत नाही. ज्यांना गर्दी नको ती मंडळी जयनगर, मल्लेश्वरम किंवा डिकन्सन रोडवरच्या वातानुकूलित दालनांत जातात. तिथे बसायला खुर्ची मिळते, कॉफी मिळते आणि मखमली ट्रेमधून एकापाठोपाठ एक हार समोर येत राहतात. दोन-तीन तासांनी कुटुंब बाहेर पडते तेव्हा दोन-तीन वर्षांची बचत संपलेली असते. पण त्याच कुटुंबाला विचारावे, घडणावळ किती टक्के लागली, खड्यांचे वजन किती वजा झाले, उद्या हा दागिना परत दिला तर काय हाती येईल, तर बहुधा नवरा बायकोकडे पाहतो आणि बायको नवऱ्याकडे.

भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेणारी गृहिणी सराफाच्या पेढीवर गप्प का बसते? हिशेब विचारला की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, हे एक कारण. ‘ते आमचे घरचेच सराफ आहेत’ हे वाक्य अनेक कुटुंबांना फार महाग पडलेले आहे. बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची आणखी एक अडचण असते. कोल्हापूर-पुण्याच्या पेढीवरचे शब्द इथे चालत नाहीत. तिकडे तोळा आणि घडणावळ, तर इकडच्या बऱ्याच दुकानांत सवरन आणि वेस्टेज. शब्द बदलले की हिशेबही बदलतो.

आपल्याकडे बोलीभाषेतला तोळा आता १० ग्रॅमचा मानतात. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. बंगळुरूतल्या अनेक मोठ्या पेढ्यांची मुळे तमिळनाडूत वा केरळात आहेत आणि तिकडे सवरन किंवा पवन म्हणजे ८ ग्रॅम. तेव्हा पाच सवरनाची माळ पाच तोळ्यांची समजून सासरी सांगितली, तर १० ग्रॅमचा फरक पडतो आणि लग्नघरात वाद निघतो. कायद्याला ना तोळा कळतो ना सवरन. बिलावर वजन ग्रॅममध्येच असते, तेच वाचावे आणि तेच बोलावे.

भट्टीला सारे कळते

नगरथपेठेच्या गल्ल्यांत मराठी कानावर पडले तर नवल वाटायला नको. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागातून गलाई व्यवसायासाठी बाहेर पडलेली माणसे देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली, तशी बंगळुरूतही आली. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. आजीच्या पाटल्या भट्टीत गेल्या की त्यांत किती सोने होते, किती तांबे आणि किती डाक, हे उघडे पडते. ‘चोख बावनकशी’ म्हणून चार पिढ्या जपलेला दागिना तिथे भलत्याच कसाचा निघाल्याचे दुःख अनेक घरांनी सोसले आहे. मात्र तोवर विकणारा सराफही नसतो आणि बिलही नसते.

पूर्वी ग्राहकाच्या हाती काही साधनच नव्हते. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला. पण या सगळ्यात सरकारचे लक्ष होते ते कोणाकडे किती सोने आहे यावर. ग्राहकाला मिळते ते सोने किती खरे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. दागिन्यांवर हॉलमार्क देण्याची भारतीय मानक ब्युरोची योजना २००० मध्ये सुरू झाली, तीही ऐच्छिक. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. बंगळुरू शहर त्या पहिल्या यादीतच होते. पुढे आणखी जिल्हे जोडले गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय, म्हणजे एचयूआयडीशिवाय, हॉलमार्कचा नवा दागिना विकायला मनाई झाली.

आता दागिन्यावर तीन खुणा असतात. पहिली ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह. दुसरी शुद्धतेची: २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. तिसरी हा एचयूआयडी. तीनपैकी एक जरी नसेल तरी त्याला आजचा हॉलमार्क म्हणता येत नाही. २०२१ पूर्वीच्या दागिन्यावर चार वा अधिक खुणा दिसतील, त्या जुन्या पद्धतीच्या आहेत, म्हणून घाबरून जाऊ नये. अक्षरे इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. दुकानदाराने दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवलेच पाहिजे, असा नियम आहे. ते मागून घ्यावे. मग मोबाइलवरच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घालावा. दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासलेला आणि कोणत्या सराफाने पाठवलेला, हे समोर येते. हातात साखळी आणि अ‍ॅपमध्ये ‘अंगठी’ असेल तर तिथेच थांबावे.

‘ताई, यावर ९१६ लिहिलेय ना,’ असे विक्रेता सांगतो. नुसता ९१६ आकडा कोणीही कोरू शकतो. ‘केडीएम आहे’ हे तर त्याहून फसवे. केडीएम ही शुद्धतेची खूणच नव्हे. सोने जोडण्यासाठी कॅडमियम मिसळून केलेल्या डाकाचे ते नाव. तो वापरताना निघणारा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो. अशा दागिन्याचे कौतुक करावे असे काहीच नाही.

अर्थात हॉलमार्कलाही अपवाद आहेत. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा जिन्नस, म्हणजे चमकी, लहान बाळ्या वगैरे, तसेच कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम यांना तो सक्तीचा नाही. वर्षाला ४० लाखांहून कमी उलाढाल असलेल्या लहान सराफालाही सूट आहे. तिथे लेखी बिलाचे महत्त्व दुप्पट होते.

आणखी एक गोष्ट. भाव चढले तसे दुकानांत १८ आणि १४ कॅरेटचे ट्रे वाढले आणि जुलै २०२५ पासून ९ कॅरेटचाही हॉलमार्क सुरू झाला. या दागिन्यांत फसवणूक नाही, पण ९ कॅरेटमध्ये हजारात ३७५ भागच सोने असते. हलक्या वजनाचा, नाजूक, ‘रोज घालायला छान’ असा दागिना पसंत पडला तर त्याच्या पोटातला आकडा वाचल्याशिवाय भाव विचारू नये.

वेस्टेज नेमके जाते कुठे?

हॉलमार्कने शुद्धतेची गळती बरीच थांबवली. पण शुद्ध सोन्याच्या दागिन्यातही पैसे जायच्या वाटा असतात आणि त्या सगळ्या बिलातच दिसतात.

समजा, २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी. २० ग्रॅमच्या साखळीत सोने २ लाखांचे झाले. त्यावर १२ टक्के वेस्टेज म्हणजे २४,००० रुपये. झाले २,२४,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,७२० रुपये. म्हणजे २,३०,७२० रुपये आणि वर हॉलमार्कचे शुल्क. हे शुल्क एका नगाला ४५ रुपये अधिक कर, म्हणजे ५३ रुपये १० पैसे. दागिना जड असो की हलका, शुल्क तेवढेच. हॉलमार्कच्या नावाखाली कोणी हजार रुपये मागत असेल तर ते सरळ नाकारावे.

आता ते २४,००० रुपये. सोने कापताना, कानशीने घासताना, डाक देताना कण उडतात आणि घट येते, ती ग्राहकाने सोसायची, अशी वेस्टेजची मूळ कल्पना. हाताने घडवलेल्या नक्षीकामात ती खरीही आहे. पण यंत्रावर विणलेल्या साध्या साखळीत कितीशी घट येणार? शिवाय उडालेले कण वाया जातात, हेही खरे नाही. कारागिराच्या पाटाखालची, झाडून काढलेली धूळ फेकत नाहीत, ती विकली जाते. सराफ कट्ट्याच्या आसपास झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच धुळीवर जगले आणि गलाईवाल्यांच्या भट्टीत त्याच धुळीतून सोने परत निघते. म्हणजे ग्राहक ज्या सोन्याचे पैसे ‘वाया गेले’ म्हणून देतो, ते पुन्हा बाजारात फिरायला लागलेले असते.

काही दुकानांत वेस्टेज आणि मजुरी अशा दोन ओळी असतात, काहींत दोन्ही मिळून ‘व्हीए’, म्हणजे मूल्यवर्धन, असा एकच आकडा असतो. ‘मजुरी शून्य’ अशी मोठी पाटी लावायची आणि वेस्टेज १८ टक्के घ्यायचे, हाही प्रकार चालतो. यावर कायद्याने कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणूनच घासाघीस करायची ती इथे. सोन्याच्या भावात सराफ सूट देऊ शकत नाही, पण या टक्क्यांत देऊ शकतो आणि विचारणाऱ्याला बहुधा देतोच. तेच डिझाइन दोन दुकानांत पाहावे आणि दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा: सगळे धरून ग्रॅममागे किती पडले?

पाटीवरचा भाव कोणत्या कॅरेटचा, हेही पाहावे. पाटीवर २४ कॅरेटचा भाव ठळक आणि दागिना २२ चा, असे झाले तर दर ग्रॅमला हजारभर रुपये अंगावर येऊ शकतात.

वजनाकडे येऊ. खडे, मोती, मीना, काळे मणी, लाख यांचे वजन सोन्याच्या भावाने लावू नये, इतकी साधी गोष्ट. पण हार गळ्यात घालून आरशापुढे उभे राहिलेल्या नववधूच्या घरच्यांना त्या वेळी ती सुचत नाही. मराठी दागिन्यांत तर हा धोका अधिक. बोरमाळेचे मणी आणि कोल्हापुरी साजाची पाने आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरतात. वर सोन्याचा पत्रा, आत लाख. बंगळुरूच्या दुकानात हा साज मागवून घेतला तर विक्रेत्यालाही तपशील माहीत नसतो. एकूण वजन २२ ग्रॅम आणि त्यात २ ग्रॅम लाख असेल, तर वरच्याच भावाने २०,००० रुपयांची लाख सोने म्हणून घरी येते. त्या २०,००० वर वेस्टेजही लागते, हे विसरू नये. म्हणून बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन असे दोन वेगळे आकडे हवेत. वजन करताना काट्याची काच बंद असावी, आधी शून्य दिसावे आणि काटा ग्राहकाच्या बाजूला वळवलेला असावा. काट्यावर वैधमापन खात्याची पडताळणीची मोहोर असते, ती दाखवा म्हणणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात प्रत्येक नगाचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेटमधली शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे दाखवलेच पाहिजे. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ असा सल्ला मिळाला तर ३ टक्के वाचतात आणि बाकीचे सर्व हक्क जातात. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलाखालचे वाक्यही सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष वस्तू परत न घेणे हीसुद्धा तशीच प्रथा मानली जाते. आणि हो, दागिना जिच्यासाठी घेतला तिच्याच नावाने बिल करावे. स्त्रीधनावर स्त्रीचाच हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे, पण पुढे वाद झालाच तर हातात कागद असलेला बरा.

जुने सोने मोडून नवे घेताना मात्र घाई करू नये. कॅरेटमीटर हे यंत्र क्ष-किरणांनी वरच्या थरातले सोने मोजते, आतले नाही. पक्की परीक्षा अग्निपरीक्षेचीच. नमुन्यात शिसे आणि चांदी मिसळून भट्टीत तापवतात, तांब्यासारखे हलके धातू शिशाबरोबर निघून जातात, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळते आणि उरते ते निव्वळ सोने. दुकानदार वितळवणार असेल तर ते डोळ्यांसमोर व्हावे आणि वितळवण्याआधीचे व नंतरचे वजन लिहून घ्यावे. ‘अदलाबदलीत शून्य घट’ या जाहिरातीत नव्या दागिन्याचे वेस्टेज किती, हे पाहिल्याशिवाय आनंद मानू नये. हिऱ्याचे तर आणखी निराळे आहे. तिथे प्रमाणपत्र, खड्यांची वेगळी किंमत आणि परत घेण्याचा दर लेखी नसेल तर सोन्याच्या हमीचा काहीच उपयोग नाही.

अकरा हप्ते आणि बारावा ‘मोफत’

दरमहा हप्ता भरा, अकरा महिन्यांनी दागिना घ्या, बारावा हप्ता आमच्याकडून, ही योजना मध्यमवर्गीय गृहिणींना फार आवडते. ती अकराच महिन्यांची का असते, याला कारण आहे. कंपनीने मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी ३६५ दिवसांत माल दिला नाही, तर २०१४ च्या नियमांनुसार ती रक्कम ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. म्हणून वर्षाच्या आत हिशेब मिटवतात. यात गैर काही नाही. पण हे पैसे म्हणजे बँकेतली ठेव नव्हे आणि बँकेतल्या ठेवीला असते तसे ५ लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण त्यांना नाही. दर महिन्याला त्या दिवसाच्या भावाने सोने जमा होते की नुसते पैसे जमा होऊन शेवटच्या दिवशीचा भाव लागतो, बोनस कशावर मिळतो, मध्येच बंद केल्यास रोख परत मिळते का, हे पहिल्या हप्त्याआधी लेखी घ्यावे.

सराफी दुकान समोर उभे आहे म्हणजे पैसे सुरक्षित, ही समजूत बंगळुरूत २०१९ मध्ये पुरती मोडली. शिवाजीनगर भागात दागिन्यांचे मोठे दालन असलेल्या आय मॉनिटरी अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे आयएमए, या समूहाने लोकांना भागीदार म्हणून पैसे गुंतवायला लावले होते. जून २०१९ मध्ये त्याचे संस्थापक देशाबाहेर गेले आणि दुकानापुढे गुंतवणूकदारांच्या रांगा लागल्या. जुलैत त्यांना दिल्लीत अटक झाली, नंतर तपास सीबीआयकडे गेला. तक्रारींची संख्या ४० हजारांच्या घरात पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोंबिवली-ठाण्याकडे गुडविन ज्वेलर्सची दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा मासिक योजनांत पैसे भरलेल्या अनेक कुटुंबांवर हीच वेळ आली. दागिना विकत घेणारा ग्राहक आणि दुकानात पैसे गुंतवणारा भागीदार यांत कायदा मोठा फरक करतो. सही करताना कागदावर आपल्याला काय म्हटले आहे, ते वाचावे.

तक्रार कुठे, कशी?

हॉलमार्क असूनही शंका आली तर कोणाही ग्राहकाला ब्युरोच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत शुल्क २०० रुपये. शुद्धता कमी निघाली तर २०१८ च्या नियमांनुसार कमी पडलेल्या सोन्याच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. वरच्याच भावाने, ९१६ ची खूण असलेले २० ग्रॅमचे कडे ८८० चे निघाले, तर ०.७२ ग्रॅम शुद्ध सोने कमी पडले. त्याची किंमत साधारण ७,८६० रुपये आणि दुप्पट म्हणजे सुमारे १५,७२० रुपये. बंगळुरूतले ब्युरोचे कार्यालय तुमकूर रस्त्यावर पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. तक्रार अ‍ॅपवरूनही करता येते.

घडणावळ, वजन, परतावा अशा बाकीच्या वादांत आधी सराफाला लेखी पत्र द्यावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात, कारण पेढीला नावाची काळजी असते. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते.

जुलै २०२० पासून कायद्यात एक मोठी सोय झाली, तिची माहिती अजून अनेकांना नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. बंगळुरूत लेकीकडे आलेल्या आईने चिकपेठेत बांगड्या घेतल्या आणि सांगलीला परतल्यावर दोष कळला, तर तिला तारखांसाठी बंगळुरूचे हेलपाटे घालायला नकोत, सांगलीच्या आयोगात अर्ज देता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्जासोबत बिल, तपासणीचा अहवाल, सराफाला दिलेले पत्र आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडावा. दागिन्याचा स्पष्ट फोटोही असावा. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क काहीच नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.